तिसऱ्या लेकराचा वाटा

दसऱ्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या अंगणवाड्यांत एकच लगबग असते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन झालेली असते, आणि घर बंद करण्याआधी पोरांची वजनं, लसी, कार्डावरच्या नोंदी उरकायच्या असतात. अशाच एका सकाळी मी एका गावातल्या अंगणवाडीच्या ओसरीवर बसले होते. सहाव्या महिन्यातली एक बाई आली. कडेवर दीड वर्षाची मुलगी, बोट धरून पाच वर्षांची. सेविकाताईंनी तिचं वजन केलं, नोंद केली, पोषण आहाराची पाकिटं मोजून दिली. निघता निघता तिनं हळूच विचारलं, "ताई, त्या पाच हजाराच्या फारमाचं काय?"

"पहिलीच्या येळंला मिळालं की तुला. हे तिसरं हाय. त्यात बसत न्हाई."

ती काही बोलली नाही. पाकिटं पिशवीत घातली, धाकटीला सावरून घेतलं आणि गेली. महिन्याभरानं ती फडात असणार होती, सातवा महिना लागलेला असताना डोक्यावर उसाची मोळी घेऊन.

मला त्या सकाळी एक गोष्ट खटकली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. एकाच ओसरीवर, एकाच ताईंच्या हातून, एकाच पोटातल्या बाळासाठी सरकार दोन गोष्टी देणार होतं. आहार देताना कुणी विचारलं नाही की हे कितवं. पैसे, म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची मदत, देताना तोच पहिला प्रश्न होता. बाळाला लागणारं अन्न तिसऱ्या खेपेला कमी लागत नाही हे सरकारला आहाराच्या बाबतीत मान्य आहे. मग आईच्या विश्रांतीच्या बाबतीत का नाही?

ज्यांना ऊसतोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या कोयत्याच्या नावावर असते आणि ती ऊस तोडूनच फेडायची असते. बाईनं एक दिवस सुट्टी घेतली की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. नवरा एकट्यानं तोडून, बांधून, मोळ्या वाहून गाडी भरू शकत नाही, म्हणून बाई बसली की अख्खा कोयता बसतो. अशा बाईला डॉक्टरांनी "आराम करा" म्हणून सांगणं म्हणजे तिच्या हातात काहीच न देण्यासारखं आहे. तिला आराम करता यावा असं वाटत असेल, तर बुडालेल्या मजुरीचा थोडा तरी भाग तिच्या हातात पडायला हवा. मातृत्व लाभाची सगळी कल्पना यावरच उभी आहे.

आणि ही कल्पना कायद्यात लिहिलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ सांगितला आहे. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांतल्या नियमित नोकरीत असलेल्या आणि इतर कायद्यांखाली असा लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या आहेत. अपत्याच्या क्रमांकाचा त्यात उल्लेखही नाही. त्याआधी, २०१० पासून, इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना देशातल्या निवडक जिल्ह्यांत, आपल्याकडे अमरावती आणि भंडाऱ्यात, चालत होती. ती पहिल्या दोन अपत्यांपुरती होती. कायद्यानं ती मर्यादा काढून टाकली असं आपण समजलो. प्रत्यक्षात २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर आली तेव्हा ती फक्त पहिल्या जिवंत अपत्यापुरती होती आणि रक्कम होती ५००० रुपये. दोन वरून कायद्यानं "प्रत्येक" केलं, योजनेनं "एक" केलं. कलमाच्या सुरुवातीला "योजनांच्या अधीन राहून" असे शब्द आहेत, त्यावर बोट ठेवून हे केलं गेलं. माझ्या मते हा त्या शब्दांचा सरळ गैरवापर आहे. पैसे किती हप्त्यांत, कोणत्या कागदांवर, कोणत्या खात्यात, हे योजनेनं ठरवावं. हक्क कुणाचा, हे संसदेनं ठरवून टाकलेलं आहे.

२०२२ पासून योजनेत सुधारणा झाली. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये, एकरकमी, जन्मानंतर. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण जरा बारकाईनं बघा. गर्भाचं लिंग बघणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणजे दुसऱ्या खेपेला गरोदर असलेल्या बाईला पैसे मिळणार की नाही हे नऊ महिने कुणालाच माहीत नसतं. पोटात बाळ असताना, जेव्हा तिला खाडा परवडायला हवा, तेव्हा हातात शून्य. आणि मुलगा झाला तर नंतरही शून्य. त्या मुलाला जन्म देताना तिचं रक्त कमी गेलं, टाके कमी पडले असं तर नाही.

राज्याची लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरांत. जन्माला ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठराव्या वर्षी ७५०००, असे एक लाख एक हजार. तीही दोन अपत्यांच्या चौकटीतच, आणि पुढचे हप्ते घेताना आईनं किंवा बापानं कुटुंब नियोजन केल्याचा दाखला जोडायचा. "आईनं किंवा बापानं" हे कागदावर. देशभरात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये स्त्रीची नसबंदी झालेल्यांचं प्रमाण सुमारे ३८ टक्के होतं आणि पुरुषाची ०.३ टक्के. दाखला कोणाच्या पोटावरच्या टाक्यांचा असतो हे सांगायला नको. लेकीच्या शाळेचा पैसा आईच्या ऑपरेशनला बांधणं मला पटत नाही. ऑपरेशन करून घ्यायचं की नाही, कधी आणि कुणी, हा तिचा निर्णय. तो तिनं दवाखान्यात, नीट माहिती घेऊन घ्यावा. मुलीच्या फीचा विचार मनात ठेवून घेऊ नये.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय आणि ते वाईट मनाचे लोक नाहीत. "आम्ही एकावर थांबलो, पै पै जमवून शिकवलं. ज्यांना परवडत नाही त्यांनी तीन-चार का होऊ द्यावीत आणि आमच्या करातून ती का पोसावीत?" या बोलण्यात एक खरी दुखरी जागा आहे. मध्यमवर्गीय घरात आज एका मुलाचं शिक्षण म्हणजे दहा-पंधरा वर्षांची ओढाताण असते. ज्यांनी मन मारून दुसऱ्याचा विचार सोडला, त्यांना हा अन्याय वाटला तर ते समजू शकतं.

पण पैसा कुणाला नाकारला जातोय ते पाहा. तिसरं व्हावं की नाही हा निर्णय ज्या घरात, ज्या माणसांनी घेतला, त्यात ते तिसरं मूल नव्हतं. आणि पुष्कळदा त्यात आईसुद्धा नसते. "दोन्ही मुलीच, एक तरी मुलगा होऊ दे" हे सासू म्हणते, नवरा म्हणतो, भावकी म्हणते; पोट तिचं असतं. २०११ मध्ये साताऱ्यात "नकोशी" नावाच्या २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली, ते आठवत असेल. आधी मुली झालेल्या घरात पुन्हा मुलगीच झाली म्हणून ते नाव पडायचं. त्या मुलींनी आपापली नावं निवडली तेव्हा आपल्या सगळ्यांनाच भरून आलं होतं. पुढे जन्मलेल्या तशाच एका तिसऱ्या मुलीला आपण आज सांगतोय की सरकारच्या यादीतही तुझी जागा नाही. घरच्यांनी तिला नको म्हटलं ते चूक होतं, तर राज्यानं तेच म्हणणं बरोबर कसं?

लोकसंख्येचा मुद्दा राहतोच, आणि तो आकड्यांनीच सोडवायला हवा. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलांचं प्रमाण २००५-०६ च्या पाहणीत २.१ होतं, २०१५-१६ मध्ये १.९ आणि २०१९-२१ मध्ये १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतं. याच शेवटच्या पाहणीत देशाचा आकडा २.० वर आला होता. बिहारचा ३.० होता, पण तोही उतरतोच आहे. याच काळात महाराष्ट्रात जन्मावेळचं लिंग गुणोत्तर मात्र हजार मुलग्यांमागे ९२४ मुलींवरून ९१३ वर घसरलं, आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. आपल्यापुढचा प्रश्न कोणता आहे ते या तीन आकड्यांत दिसतं. मुलं कमी होताहेत, मुली त्याहून कमी होताहेत, आणि जी होताहेत ती नीट पोसली जात नाहीत.

मर्यादा काढली तर लोक पैशासाठी मुलं जन्माला घालतील, अशी भीती असते. याचं उत्तर आपल्याच घरात आहे आणि त्याची चर्चा होत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळत, पण वय १९ पूर्ण आणि पहिली दोनच बाळंतपणं, अशी अट होती. मे २०१३ मध्ये केंद्रानंच ही अट काढली. कारण साधं होतं: कमी वयात किंवा तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाळंत होणाऱ्या बाईलाच दवाखान्याची गरज जास्त असते, आणि तिलाच आपण घरी ठेवत होतो. अट गेल्यावर मुलं वाढली का? वर दिलेले आकडे त्याच काळातले आहेत. १.९ वरून १.७. ग्रामीण भागात ७०० रुपयांसाठी कुणी बाळ जन्माला घालत नाही. पाच-सहा हजारांसाठीही नाही. एक बाळंतपण आणि एक वर्षाचं आजारपण यात तेवढे कधीच निघून जातात. मुलं कमी होतात ती मुली दहावीच्या पुढे शिकल्यानं, लग्न उशिरा झाल्यानं, आणि झालेली मुलं जगतील याची खात्री पटल्यानं. ज्या घरात एक मूल कुपोषणानं गेलंय तिथं "दोनच" हे सांगणं कठीण असतं.

ब्रिटननं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. ६ एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी तिथल्या गरजूंच्या मदतीतला मुलामागचा हिस्सा बंद झाला. लोक मुलं होऊ देताना परवडतं का याचा विचार करतील, असं सरकार म्हणालं होतं. अभ्यासकांना जन्मदरातली घट अगदी किरकोळ दिसली. गरिबीत वाढणारी मुलं मात्र वाढत गेली. बलात्कारातून झालेल्या मुलाला अपवाद होता, पण तो मिळवायला बाईला तसं अर्जात सांगावं लागे. तीन मुलांचं घर चालवणाऱ्या एका आईनं मुलाच्या दुधासाठी सरकारी कागदावर हे लिहायचं. मला वाटतं, अपत्याचा क्रमांक मोजायला निघालेलं कुठलंही सरकार कधी ना कधी अशाच एखाद्या अर्जापाशी येऊन थांबतं. अखेर नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा झाली.

आपल्याकडे तर याहून कडू अनुभव आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. त्या वर्षभरात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं गावात आरोग्य खात्याची गाडी आली की माणसं शेतात पळायची. कुटुंब नियोजनाचं जेवढं नुकसान त्या सक्तीनं केलं तेवढं कुणाच्या विरोधानं केलं नाही. पुढे पंचायतीच्या निवडणुकीला दोन अपत्यांची अट आली. आपल्याकडे सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं तर सरपंचपद जातं. निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा अशा पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला तेव्हा टाकून दिलेल्या बायका, दत्तक देऊन टाकलेली मुलं, करवून घेतलेले गर्भपात असं सगळं समोर आलं. पद नवऱ्याचं, भोग बाईचे.

याच्या अगदी उलट एक परंपराही आपलीच आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं ते बाईची सततच्या बाळंतपणातून सुटका व्हावी म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलावा, असं त्यांनी मांडलं. आणि दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, संततिनियमनाच्या साधनांसाठी सरकारनं पुढाकार घ्यावा असा ठरावही त्यांच्याच वतीनं विधिमंडळात मांडला गेला. ठराव फेटाळला गेला, ते असो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एकाच माणसाला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. मुलं किती हे बाईला ठरवता यावं आणि झालेल्या मुलासाठी तिला विश्रांती मिळावी. आजच्या योजना मात्र या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ मारतात, एकासाठी दुसरं अडवून धरतात.

पैसा अपुरा आहे, हे खरं. पण कात्री लावायची तर ती कुठे, हे तरी नीट ठरवू. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि दोन हयात मुलं असतील तर पुढच्या खेपेला १२ आठवड्यांची. म्हणजे ऑफिसातल्या बाईला तिसऱ्या वेळी निदान १२ आठवडे मिळतात. फडातल्या बाईला एक दिवस नाही. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला तिसऱ्या बाळंतपणाची रजा नाकारली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं ती मंजूर केली आणि प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्काचा भाग आहे असं सांगितलं. तो निकाल नोकरीतल्या बाईचा आहे. कोर्टापर्यंत पोचू न शकणाऱ्या बाईच्या बाबतीत तो विचार कधी लागू होणार?

कुटुंब मोजायचं की माणूस मोजायचा, याचा रेशनमध्ये रोजचा अनुभव आहे. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो धान्य. अंत्योदय कार्डावर घराला सरसकट ३५ किलो. आठ माणसांच्या घराला प्राधान्य कार्डावर ४० किलो मिळतं आणि त्याहून गरीब म्हणून अंत्योदयात घातलेल्या आठ माणसांच्या घराला ३५. घर मोजलं की ताटावरच्या शेवटच्या पोराचं कमी होतं. आणि लाडकी बहीण योजनेत दर महिन्याला १५०० रुपये देताना बाईला मुलं किती हे आपण विचारत नाही. मग नऊ महिन्यांत एकदा पाच-सहा हजार देताना का विचारायचं?

आता वारं उलट्या दिशेनं वाहू लागलंय, आणि मला त्याचीही तेवढीच काळजी वाटते. आंध्र प्रदेशानं २०२४ च्या अखेरीस स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढली ते चांगलंच झालं. पण त्याचबरोबर तिथले नेते जास्त मुलं होऊ द्या असं जाहीर सांगू लागले आहेत. काल तिसऱ्यासाठी दंड, उद्या तिसऱ्यासाठी बक्षीस. दोन्हीकडे बाईचं पोट हे सरकारच्या आकडेमोडीचं साधन राहतं. बाळाचा पैसा हा आईबापाच्या वागण्याला वळण लावायचा चाबूकही नको आणि आमिषही नको. तो पहिल्याला जेवढा, तेवढाच तिसऱ्याला, बस.

कायदा नवा लागत नाही. मातृवंदनेच्या अर्जातून अपत्याच्या क्रमांकाची अट काढावी लागेल, रक्कम निदान कायद्यात २०१३ साली लिहिलेली तरी करावी लागेल (तेव्हाच्या सहा हजारांत जे यायचं ते आज येत नाही, हेही धरून), आणि मुलगा-मुलगी न बघता दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा पहिला हप्ता पोट दिसू लागल्यावरच द्यावा लागेल. राज्यानं लेक लाडकीतून ऑपरेशनचा दाखला वगळावा. जननी सुरक्षेची अट २०१३ मध्ये निघाली, तशीच हीसुद्धा निघू शकते. टोळ्या दसरा झाला की निघतात. त्याच्या आत हे झालं, तर या हंगामात काही बायकांना सातव्या महिन्यात गावातच थांबता येईल.